एनआयएसएम सिरीज फाइव्ह-ए: म्युच्युअल फंड वितरकाच्या परीक्षेची पहिल्यापासून तयारी

म्युच्युअल फंडाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचवायच्या आणि त्यावर कमिशन मिळवायचं, तर आधी दोन गोष्टी हातात लागतात. एक, एनआयएसएम या संस्थेचं सिरीज फाइव्ह-ए प्रमाणपत्र. दोन, त्या प्रमाणपत्राच्या आधारावर म्युच्युअल फंड उद्योगाची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीकडून मिळणारा एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक. विम्याची एजन्सी असलेले, बँकेतून निवृत्त झालेले, पतसंस्थेत किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करणारे, घर सांभाळून स्वतःचं काही उभं करू पाहणाऱ्या गृहिणी, नुकतेच बी. कॉम. झालेले असे अनेक जण या परीक्षेकडे वळतात. त्यातल्या पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो. ही परीक्षा उत्तीर्ण होणं अवघड नाही, पण ‘पासिंगपुरतं’ वाचून बसू नका. उद्या तुमच्यासमोर कोणी निवृत्तीचे पैसे घेऊन बसेल आणि विचारेल, “यात तोटा होऊ शकतो का, आणि किती?” त्याचं उत्तर ज्याला नीट देता येईल, त्याला परीक्षेतले प्रश्न आपोआप सुटतात. उलट दिशेने मात्र तसं होत नाही. म्हणून खाली सांगितलेली अभ्यासाची पद्धत मुद्दाम खऱ्या कागदपत्रांवर आधारलेली आहे.

परीक्षेचं स्वरूप

एनआयएसएम म्हणजे राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था. रोखे बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २००६ साली ती स्थापन केली आणि तिचा परिसर आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगा इथे आहे. परीक्षेला मात्र तिथे जावं लागत नाही. वेगवेगळ्या शहरांत केंद्रं असतात आणि नोंदणी करताना जवळचं केंद्र, तारीख आणि वेळ आपणच निवडायची असते.

परीक्षा संगणकावर होते. १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, वेळ २ तास. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के गुण हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एनआयएसएमच्या इतर काही परीक्षांत, उदाहरणार्थ इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जच्या सिरीज आठमध्ये, चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. मित्राने त्या परीक्षेचा अनुभव सांगितला असेल तर तो इथे लागू करू नका. पदवीची अट नाही. प्रमाणपत्र ३ वर्षांसाठी वैध असतं.

नोंदणी आणि नावाचा घोळ

नोंदणी एनआयएसएमच्या प्रमाणन पोर्टलवर ऑनलाइन होते. फी साधारण दीड हजार रुपयांच्या घरात असते. नक्की आकडा आणि त्यावरचा कर पैसे भरताना पोर्टलवर दिसतो. परीक्षेची भाषाही तिथेच निवडायची असते. कोणत्या भाषा उपलब्ध आहेत ते पाहूनच पुढे जा, कारण ज्या भाषेत पेपर त्याच भाषेतल्या संज्ञांची सवय लागायला हवी.

सगळ्यात जास्त काळजी नावाची घ्या. पॅन कार्डावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच नोंदणीत हवं. आपल्याकडे इथे हमखास गोंधळ होतो. दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी. आधारवर लग्नानंतरचं आडनाव, पॅनवर अजून माहेरचं. कुठे मधलं नाव पूर्ण, कुठे फक्त आद्याक्षर. परीक्षेपुरतं हे निभावलं तरी पुढे एआरएनच्या अर्जात आणि कमिशन जमा होणाऱ्या बँक खात्यात तेच नाव जुळावं लागतं. पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर आधी दुरुस्ती करा आणि मग परीक्षेची तारीख घ्या.

अभ्यासाचं साहित्य: वर्कबुक आणि तीन खरे कागद

एनआयएसएम या परीक्षेसाठी स्वतःचं वर्कबुक काढते आणि प्रश्न त्यावरूनच येतात. पोर्टलवरून चालू आवृत्ती उतरवून घ्या. ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. म्युच्युअल फंडांचे नियम सेबीने पहिल्यांदा १९९३ मध्ये केले, १९९६ मध्ये नव्याने लिहिले आणि तेव्हापासून ते सतत बदलत आले आहेत. खर्चाच्या मर्यादा, योजनांचे प्रकार, करांचे दर हे सगळं बदलतं. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या भावाचं पुस्तक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘हमखास येणाऱ्या पाचशे प्रश्नांची’ पीडीएफ यात नेमकी जुनी उत्तरं असतात, आणि त्यांच्यावर विसंबलेले विद्यार्थी गुण गमावतात. वर्कबुकमध्ये प्रत्येक प्रकरणाअखेर नमुना प्रश्न असतात आणि कोणत्या प्रकरणाला किती गुण आहेत तेही दिलेलं असतं. तो तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

त्याबरोबर तीन खरे कागद जमवा. एखाद्या मोठ्या फंड घराण्याच्या कोणत्याही इक्विटी योजनेचा माहिती दस्तऐवज, म्हणजे एसआयडी; त्याच योजनेची मासिक फॅक्टशीट; आणि घरातल्या कोणाची एसआयपी चालू असेल तर तिचं खाते विवरण. पहिले दोन फंडाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. वर्कबुकमध्ये जे वाचाल ते त्याच दिवशी या कागदांत शोधायचं. एक्झिट लोडबद्दल, म्हणजे ठरावीक मुदतीआधी पैसे काढल्यास लागणाऱ्या शुल्काबद्दल, वाचलं की एसआयडीमध्ये त्या योजनेचा एक्झिट लोड शोधा. स्टँडर्ड डेव्हिएशन (परतावा किती वरखाली होतो त्याचं माप) वाचलं की फॅक्टशीटमध्ये तो आकडा बघा. विवरणात फोलिओ क्रमांक, युनिट, एनएव्ही (एका युनिटची किंमत), मुद्रांक शुल्क, नॉमिनी आणि वितरकाचा एआरएन कुठे छापलेला असतो ते बोट ठेवून पाहा. वर्कबुकचं सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण, योजनेच्या कागदपत्रांचं, या एका सवयीने सोपं होतं. एसआयडी, एसएआय (अतिरिक्त माहितीचं निवेदन) आणि केआयएम (मुख्य माहितीचा सारांश) यांत फरक काय, हे नुसतं वाचून कोणाच्याच डोक्यात राहत नाही; तिन्ही एकदा चाळले की विसरत नाही.

नोकरी सांभाळून रोज तासभर मिळत असेल तर सहा ते आठ आठवडे पुरतात. बँकेत किंवा शेअर बाजाराशी संबंधित काम केलेल्यांना याहून कमी लागतील.

पहिलं वाचन: चौकट समजून घ्या

पहिल्या वाचनात आकडे पाठ करू नका. फक्त कोण काय करतं ते पक्कं करा. म्युच्युअल फंड हा १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली उभा केलेला न्यास असतो. प्रायोजक तो सुरू करतो, विश्वस्त गुंतवणूकदारांच्या वतीने लक्ष ठेवतात, मालमत्ता व्यवस्थापन कंपनी म्हणजे एएमसी पैसे गुंतवते, कस्टोडियन रोखे सांभाळतो, आणि कॅम्स किंवा केफिनटेकसारखा रजिस्ट्रार गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवतो. एएमसीच्या नक्त मालमत्तेत प्रायोजकाचा वाटा किमान ४० टक्के हवा. विश्वस्तांत किमान दोन तृतीयांश आणि एएमसीच्या संचालकांत किमान निम्मे जण स्वतंत्र हवेत. ही रचना अशी का, हे लक्षात घ्या: एएमसी बुडाली तरी गुंतवणूकदाराचा पैसा तिच्या ताळेबंदात नसतो, तो न्यासाचा असतो. ‘कंपनी पळून गेली तर?’ हा गावोगावी विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर याच प्रकरणात आहे.

थोडा इतिहासही येतो. १९६३ च्या कायद्याने यूटीआय आली आणि १९६४ मध्ये तिची यूएस-६४ योजना. १९८७ मध्ये स्टेट बँकेचा फंड आला, १९९३ पासून खासगी फंड, १९९५ मध्ये अ‍ॅम्फी. अ‍ॅम्फी ही उद्योगाची संघटना आहे, नियामक सेबी आहे. हा फरक ठाऊक नसेल तर नियमांच्या प्रकरणातले सोपे गुण जातात.

योजनांचे प्रकार: इथे वेळ द्या

ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने सेबीने योजनांची वर्गवारी ठरवून दिली. त्याआधी दोन फंडांच्या ‘मिडकॅप’ योजनांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकत होता. आता संपूर्ण बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढे स्मॉल कॅप. मग लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के पैसे लार्ज कॅपमध्ये ठेवायचे, मिड कॅप आणि स्मॉल कॅप फंडांनी किमान ६५ टक्के आपापल्या गटात. मल्टी कॅपला तिन्ही गटांत किमान २५-२५ टक्के ठेवावे लागतात; फ्लेक्सी कॅपला तसं बंधन नाही, एकूण शेअरमध्ये ६५ टक्के असले की झालं. परीक्षेत या शेवटच्या दोघांची सरमिसळ मुद्दाम केलेली असते.

डेट योजनांचा, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या योजनांचा, तक्ता स्वतःच्या हाताने बनवा: ओव्हरनाइट १ दिवस, लिक्विड ९१ दिवसांपर्यंत, आणि पुढे कालावधी वाढत जाणारे प्रकार. शेअरवाले लोक डेटच्या प्रकरणांना घाबरतात, पण एक नियम समजला की बरंच उलगडतं. बाजारातले व्याजदर वाढले की आधी काढलेल्या रोख्यांची किंमत उतरते, आणि रोख्याची मुदत जितकी लांब तितकी ती जास्त उतरते. मॉडिफाइड ड्युरेशन (व्याजदर बदलला की किंमत किती हलते त्याचं माप) ४ असलेल्या फंडात, रोख्यांचा बाजारातला परतावा दर (यील्ड) अर्ध्या टक्क्याने वाढला तर एनएव्ही साधारण २ टक्क्यांनी घसरते. मुदत ठेवीची सवय असलेल्या माणसाला ‘डेट फंड म्हणजे एफडीच’ असं सांगणं किती चुकीचं आहे, ते या एका गणितातून कळतं.

गणितं: कागदावर सोडवा

गणितं थोडीच येतात, पण ती खात्रीचे गुण देतात. नुसती वाचू नका, पेनाने सोडवा.

एनएव्ही: योजनेकडे ५०० कोटींचे रोखे, २ कोटींचं येणं, ४ कोटींची देणी आणि खर्च, आणि १२ कोटी युनिट. ५०० अधिक २ वजा ४ म्हणजे ४९८ कोटी. भागिले १२ कोटी. एनएव्ही ४१.५० रुपये.

खरेदी: १०,००० रुपये गुंतवले. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क आहे, म्हणजे ५० पैसे. उरलेले ९,९९९.५० भागिले ४१.५० म्हणजे २४०.९५२ युनिट. घरातल्या विवरणात अशीच तीन दशांश स्थळं दिसतील.

विक्री: एनएव्ही ५० रुपये झाली, पण एक्झिट लोड १ टक्का आहे. हातात ४९.५० या दराने पैसे येतात. लोड एनएव्हीवर लागतो, नफ्यावर नाही. बरेच जण नफ्यावर लावतात.

परतावा: २० रुपयांची एनएव्ही दोन वर्षांत २८.८० झाली. एकूण वाढ ४४ टक्के, पण वार्षिक चक्रवाढ दर २० टक्के, २२ नव्हे. पर्यायांत २२ नक्की दिलेला असतो.

जोखीम: एका फंडाचा परतावा १४ टक्के, स्टँडर्ड डेव्हिएशन १६. दुसऱ्याचा परतावा १२, स्टँडर्ड डेव्हिएशन १०. जोखीमरहित दर ६. पहिल्याचा शार्प रेशो (जोखीमरहित दराहून जास्तीचा परतावा भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन) ८ भागिले १६, म्हणजे ०.५, दुसऱ्याचा ६ भागिले १०, म्हणजे ०.६. परतावा कमी असूनही घेतलेल्या जोखमीच्या मानाने दुसरा फंड सरस. शार्पमध्ये खाली स्टँडर्ड डेव्हिएशन असतं, ट्रेनर रेशोमध्ये बीटा (बाजाराच्या तुलनेत फंड किती हलतो त्याचं माप). एवढा फरक लक्षात ठेवा.

कर: २३ जुलै २०२४ पासून इक्विटी योजनांत १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या युनिटांच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के; १२ महिन्यांच्या आत विकले तर २० टक्के. दीर्घकालीन नफा २ लाख असेल तर ७५ हजारांवर ९,३७५ रुपये, आणि त्यावर ४ टक्के उपकर. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांचा नफा उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे करपात्र होतो. परीक्षेच्या आधी करांचे हे आकडे चालू वर्कबुकशी ताडून घ्या. अर्थसंकल्प त्यांना हात लावू शकतो.

वेळेचे नियम

कट-ऑफ वेळेवर, म्हणजे कोणत्या दिवसाची एनएव्ही लागेल ते ठरवणाऱ्या वेळेवर, प्रश्न येतातच, आणि प्रत्यक्ष कामातही पहिली तक्रार यावरूनच येते. इक्विटी योजनेसाठी दुपारी ३ ची वेळ आहे. पण नुसता अर्ज तीनच्या आत देऊन भागत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून पैसेही फंडाच्या खात्यात पोहोचलेले हवेत. शुक्रवारी पावणेतीनला अर्ज दिला आणि पैसे सोमवारी सकाळी जमा झाले, तर एनएव्ही सोमवारची. लिक्विड फंडात वेळ दुपारी दीडची, आणि त्याआधी अर्ज व पैसे दोन्ही आले तर आदल्या दिवसाची एनएव्ही लागते. या दोन्ही उदाहरणांचा वार बदलून, मध्ये सुट्टी टाकून स्वतःच चार-पाच प्रश्न तयार करा.

वितरकाचं वागणं

वितरण आणि आचारसंहितेचं प्रकरण बरेच जण ‘कॉमन सेन्स’ म्हणून सोडून देतात. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट २००९ मध्ये एंट्री लोड, म्हणजे खरेदी करताना कापलं जाणारं शुल्क, बंद झाला. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत वितरकाशिवाय घेता येणारा डायरेक्ट प्लॅन आला, त्याचा खर्च कमी असतो. २०१८ पासून आगाऊ कमिशन बंद होऊन ट्रेल पद्धत आली, म्हणजे गुंतवणूक टिकून राहील तोवर थोडं थोडं कमिशन. या तीन बदलांची दिशा एकच आहे: गुंतवणूकदाराला उगाच एका योजनेतून दुसरीत फिरवून पैसे कमावण्याचा मार्ग बंद करणं.

कमिशनमधला वाटा गुंतवणूकदाराला परत देणं निषिद्ध आहे. गावात ओळखीचा माणूस मोकळेपणाने मागतो, “मला त्यातलं काय देणार?” त्याला नाही म्हणायची तयारी आत्ताच करून ठेवा. ठरावीक परताव्याचं आश्वासन देता येत नाही. स्वतःला ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणवून घेता येत नाही. सल्लागारांसाठी सेबीचे २०१३ चे वेगळे नियम आहेत आणि सिरीज टेन-ए व टेन-बी या वेगळ्या, जास्त कठीण परीक्षा आहेत. पाटी आणि व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकण्याआधी हे वाचलेलं असू द्या.

रिस्कोमीटरच्या, म्हणजे योजनेची जोखीम दाखवणाऱ्या मापकाच्या, सहा पातळ्या, कमीपासून अति उच्चपर्यंत, क्रमाने सांगता आल्या पाहिजेत. फॅक्टशीटच्या पहिल्या काही पानांतच त्या रंगांसह दिसतात.

सराव आणि परीक्षेचा दिवस

दुसरं वाचन झालं की वेळ लावून सराव परीक्षा द्या. सरावात ७० च्या वर गुण येत असतील तर परीक्षेला जा. ५०-५५ वर रेंगाळत असाल तर तारीख पुढची घ्या, कारण केंद्रावरच्या ताणाने चार-पाच गुण सहज कमी होतात. चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर नुसतं पाहू नका. वर्कबुकमधला तो परिच्छेद उघडून पूर्ण वाचा. शेवटच्या दोन दिवसांत फक्त स्वतःचे तक्ते बघा: मुदती, टक्केवाऱ्या, कट-ऑफ, कर.

प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र घेऊन केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा. गणकयंत्राबद्दलची सूचना प्रवेशपत्रावर वाचून घ्या. मोबाइल आत नेता येत नाही. पेपरात ‘खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे’ अशा प्रश्नांकडे लक्ष ठेवा. घाईत ‘चूक’ हा शब्द नजरेतून सुटतो. दोन तास पुरेसे असतात. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवा, शंका असलेल्यांवर खूण करा, गणितं शांतपणे दुसऱ्या फेरीत घ्या. शेवटी सगळ्या प्रश्नांना उत्तर दिलं आहे ना, ते तपासा. परीक्षा संपल्या संपल्या गुण पडद्यावर दिसतात. काही दिवसांनी प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवता येतं.

उत्तीर्ण झाल्यावर

प्रमाणपत्र हाती आलं म्हणजे लगेच काम सुरू करता येत नाही. अ‍ॅम्फीकडे एआरएनसाठी अर्ज करायचा, केवायडी म्हणजे वितरकाची ओळख पडताळणी पूर्ण करायची, आणि मग ज्या फंड घराण्यांच्या योजना द्यायच्या आहेत त्यांच्याकडे नोंदणी करायची. एआरएनबरोबर ईयूआयएन हा व्यक्तीचा क्रमांकही येतो. विक्री कोणी केली ते यावरून कळतं, म्हणून अर्जात तो रिकामा ठेवू नका. सगळ्या फंड घराण्यांकडे एकदम नोंदणी करायची घाई नको. ज्यांच्या योजना स्वतः वाचून समजल्या आहेत अशा मोजक्यांपासून सुरुवात करा.

प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका. मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात एनआयएसएमचा सीपीई (सतत व्यावसायिक शिक्षण) कार्यक्रम पूर्ण केला तर परीक्षा न देता नूतनीकरण होतं. तारीख उलटली तर मात्र पुन्हा फी, पुन्हा १०० प्रश्न.